बिल्ला नंबर सतरा

मुंबई, मुलींचं हॉस्टेल
७ जुलै १९६८

तात्या,

नमस्कार. बाबा म्हणतात तुम्हाला लिहिताना आधी ‘तीर्थरूप’ घालायचं असतं. घातलं असं समजा. लोणावळ्याच्या कॉन्व्हेंटात सगळे निबंध इंग्रजीत लिहिले, त्यामुळे माझं मराठी बोलल्यासारखंच कागदावर येतं. चुका काढू नका, नाहीतर मी लिहायचीच नाही.

बाबांच्या पत्रात शेवटी एकच ओळ होती: ‘वरच्या वाडीतला कोंडू गेला, पांढऱ्या गिरणीत होता, दम लागून गेला.’ आणि लगेच पुढे, ‘रेल्वेने क्वार्टरला रंग दिला.’ मी ती ओळ चार वेळा वाचली. रंगाची नाही, कोंडूची. वय काय होतं हो त्याचं? पस्तीस तरी होतं का?

आता हसू नका. लॉ कॉलेजातले आम्ही सहा जण दर शनिवारी एका प्रोफेसरांच्या घरी बसतो आणि कंपन्यांचे वार्षिक रिपोर्ट वाचतो. कंपनी काय सांगते ते वहीच्या डाव्या पानावर, तिथल्या कामगाराचं खरं काय होतं ते उजव्या पानावर. बोरघाट मिनरल्स, म्हणजे तुमची पांढरी गिरणी, तिचा रिपोर्ट माझ्या वाट्याला आला. त्यात छापलंय की धुळीमुळे आजपर्यंत एकही कामगार आजारी पडलेला नाही. माझं उजवं पान कोरं आहे.

तिथे गारगोटी दळतात ना? ते पीठ छातीत बसलं की निघत नाही. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो कामामुळे होतो हे कायद्यातच लिहिलंय! म्हणजे कोंडूच्या बायकोला, येसूमावशीला, हक्काने विचारता येतं. तो गिरणीत किती वर्षं होता, कुणी पाहिलं, हजेरीत नाव आहे का, एवढं मला कळवा. वाडीवर टपाल घेऊन तुम्हीच जाता, तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

बाबांना वाटतं मी वडगावच्या कोर्टात बसून खरेदीखतं करावीत. मला हे करायचंय. ह्या कामाला म्हणतात काय ते मलाही ठाऊक नाही. मैत्रिणी म्हणतात सोशल वर्क. प्रोफेसर म्हणतात, नाव पडेल नंतर, आधी काम करा.

दुसरं कार्डही भरलं.

तुमची नंदा

*

कामशेत
२१ जुलै १९६८

नंदे,

आशीर्वाद. पैली गोष्ट म्हंजे आसलं कायबी कार्डावर लिव्हू नको. तुजी दोन कार्डं माज्या हातात येस्तवर आख्ख्या टपाल कचेरीनं वाचली. एकानं मला इचारलं, “महिपती, ती सिली का काय, ती कुनाला झाली रं?” आंतरदेशीय घेत जा.

कोंडू तेहतीस वर्सांचा व्हता. शेवटाला उतानं निजता येत न्हवतं, भितीला टेकून बसायचा. येसूच्या पदरात एक पोर हाय, हिरी. येसूचा धाकला भाऊ गोरख वाडीतच ऱ्हातो. त्योबी गिरनीत जातो आन त्योबी आता खोकाया लागलाय.

तुजं समदं येसूला वाचून दावलं. म्हनली, “गेला त्यो गेला, भाऊ. माजा गोरख हाय आजून. ती गिरनी पानी मारून दळंल का, येवढं इचार तुज्या नंदीला. कोरडं दळलं की समदं नाकातोंडात जातं. आन माजा मानूस तितं व्हता, येवढं त्यांनी आपल्या तोंडानं म्हनावं.”

कोंडू गिरनीत जायाचा हे समद्या मावळाला ठावं हाय. पर हजेरीत त्याचं नाव घावनार न्हाई. का न्हाई, ते त्या गिरनीलाच ठावं.

भाताची आवनी चालू हाय. तुजा बा टाकव्याच्या खाचरासाटी मानसं शोधत फिरतोय. तरनी मानसं कारखान्यात जात्यात, चिखलात उतराया कोन तयार न्हाई.

महिपती

*

मुंबई
१२ नोव्हेंबर १९६८

तात्या,

पुण्याला भरपाई आयुक्तांकडे अर्ज गेला! प्रोफेसरांचे मित्र वकील आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो, ते केस लढवताहेत आणि कागद सगळे मी तयार केले. अर्जावर येसूमावशीचा अंगठा आहे. तो घ्यायला दिवाळीत वाडीवर चढले ते तुम्हाला माहीतच आहे. पायाचे तुकडे पडले. येसूमावशी म्हणाल्या, “शाळंत चालायचं शिकवलं न्हाई का गं?”

पण कंपनीला नोटीस सप्टेंबरातच गेली होती, तिचं उत्तर वाचून माझं डोकं फिरलंय. एक, कोंडू नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. दोन, त्याच वाडीतला गेणू, बिल्ला नंबर सतरा, दळणाच्या खोलीत सलग सहा वर्षं काम करतोय, आणि हा घ्या त्याच्या छातीचा एक्स-रे. स्वच्छ! सहा वर्षं धूळ खाऊन गेणू ठणठणीत, मग कोंडू आमच्यामुळे कसा मेला?

आता मला कळतंय, दिवाळीत मी त्यांच्या अंगणात गेले तेव्हा गेणूभाऊ उठून गोठ्यात का गेले. मी हाक मारली तरी बाहेर आले नाहीत. कंपनीने त्यांना विकत घेतलंय, तात्या. शेजारचा माणूस धापा टाकत मेला आणि हे मोटारीत बसून एक्स-रे काढायला जातात! सरांना सांगून मी त्यांना उलटतपासणीत असं सोलून काढणार आहे की बस.

तुम्ही त्यांना ओळखता. काय दिलं असेल हो त्यांना? लगेच लिहा.

नंदा

*

मुंबई
६ जानेवारी १९६९

तात्या,

उत्तर नाही. काकूंची तब्येत बरी आहे ना? बाबा म्हणाले तुम्ही कामशेतच्या बाजारात दिसलात पण बोलला नाहीत.

कंपनीने जुनी हजेरी आयुक्तांपुढे ठेवली. आम्हाला तिचे फोटो मिळालेत, एक संच सोबत पाठवतेय. कोंडूचं नाव खरोखरच कुठे नाही. पानामागून पान, ‘गेणू हजर, गेणू हजर’. ही हजेरी लिहिणारा सापडला तर त्याला साक्षीला बोलवू, असं सर म्हणतात. अक्षर कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं, पण मी रोज इतके कागद बघते की आता सगळ्यांचंच अक्षर ओळखीचं वाटतं. तुम्ही चार गावांचं टपाल वाटता. कुणाचं आहे बघा ना.

सुनावणी पंधरा एप्रिलला आहे. हजेरी खोटी ठरली नाही तर केस गेली, आणि गोरख तिथेच कोरडी गारगोटी दळत राहणार.

नंदा

*

कामशेत
२४ जानेवारी १९६९

नंदे,

दोन म्हैनं तुला कागूद लिव्हला न्हाई. टपालवाला आसून. तुला वाटलं आसंल काम लय हाय. काम न्हवतं.

तुज्या पाकिटातनं ते फोटू काडले आन दिव्याशी नेऊन बघितले. अक्षर कुनाचं म्हनून इचारतीस? हा कागूद त्या फोटूशेजारी ठेव आन बघ.

टपालात लागायच्या आधी चार वर्सं मी पांढऱ्या गिरनीच्या दारावर हजेरी लिव्हायचो. तुला ते मी कदी सांगितलं न्हाई. नाव का न्हाई ते गिरनीलाच ठावं, आसं मागं मी लिव्हलं, ते खोटं व्हतं. मला ठावं व्हतं.

तू लोनावळ्यात वाढली, तुला सावड म्हंजे काय ते म्हाईत नसंल. आवनीला आज समदे तुज्या खाचरात, उद्या समदे माज्या. मजुरी न्हाई. ज्यानं त्यानं आपला दिस फेडायचा. गिरनीनं वाडीला एकच बिल्ला दिला, पितळंचा, नंबर सतरा, गेणूच्या नावानं. मंग वाडीनं त्याचीबी सावड केली. बिल्ला ज्याच्या गळ्यात त्यो कामाला. कोंडूचं खाचर इतकुसं. म्हनून कोंडू बिल्ला घालून गिरनीत जायाचा आन गेणू त्याचंबी भात लावायचा, त्याची ढोरंबी राखायचा. कोंडू दमला की गोरख जायाचा. सा वर्सांत गेणू सगळा मिळून चार म्हैनंसुदिक गेला नसंल. मी बिल्ला बघायचो आन लिव्हायचो, गेणू हजर. मानूस दुसरा हाय हे मला दिसत व्हतं. मी सोडल्यावर नव्या कारकुनानंबी तसंच चालवलं. ह्यात काय खोटं हाय आसं कुनाच्या मनातच आलं न्हाई. त्यांनी त्यांच्यात वाटून घेतलेलं, आपलं काय जातं.

इतवारी फोटू घेऊन वाडीवर गेलो. गेणू अंगनात दोर वळत व्हता. मला बघून उठाया लागला.

“बस रं,” म्हनलं. “लपायचंच झालं तर मी तुज्या आधी लपाया पायजे.”

दोर खाली ठेवला त्यानं. “तात्या, गिरनीच्या सायबानं मला मोटारीतनं पुन्याला नेला. छातीचा फोटू काडला, म्हनला झकास हाय. मंग वाटंत म्हनला, तुज्या बिल्ल्यावर दुसरा मानूस येत व्हता आसं कुटं बोललास तर खोट्या हजेरीपायी तूच आत जाशील. ती नंदी आली, मी गोठ्यात जाऊन हुबा ऱ्हायलो. काय तोंड दावू? माज्या वाट्याची धूळ कोंडूनं खाल्ली. मी त्याचं भात लावलं. मला वाटलं, सावड फिटली.”

येसू शेजारच्या घरातनं, चुलीपासनं उठून आली. “दाव रं त्यो कागूद.”

तिला अक्षर येत न्हाई हे तुला ठावंच हाय. ती अक्षरं बघतच न्हवती. हप्त्याच्या शेवटाला नावापुढं आंगठा घ्यायचा आसा गिरनीचा रिवाज, त्यो मी दर शनिवारी घ्यायचो, जो कामाला आसंल त्याचा. येसूनं आंगठ्यांवरनं बोट फिरवलं आन थांबली.

“हा माजा मानूस.”

“कशावरनं?”

“ही तिरपी रेग दिसती का? आमचं लगीन झालं त्या साली गवत कापताना विळा लागला व्हता. म्हैनाभर त्या आंगठ्याला मी हळद लावली. आन मला इचारतोस कशावरनं?”

मंग पान उलटलं की तिचं सुरू. हा त्यो. हा त्यो. हा न्हाई, हा गोरख. हा त्यो. हा गेणू, चपटा. हा त्यो. गेणू मान खाली घालून ऐकत व्हता. शेवटलं पान झाल्यावर ती मला म्हनली, “भाऊ, तू वर लिव्हलंस गेणू. त्यानं पुढं कोंडू लिव्हलं. सायबाला त्याचं वाचाया सांग.”

नंदे, बासष्ट साली वड्यावर साकव बांधून मिळावा म्हनून वाडीचा अर्ज मी लिव्हला व्हता. एकेकाचं नाव आन त्याफुडं त्याचा आंगठा. साकव झाला. अर्जाची दुसरी प्रत, आंगठ्यांसकट, माज्या ट्रंकंत हाय. त्यात कोंडू हाय.

आता माजं सांगतो. मी साक्षीला आलो तर भर कचेरीत म्हनावं लागनार की चार वर्सं खोटं लिव्हलं. सरकारी नोकरी हाय. खोटी हजेरी लिव्हनाऱ्याच्या हातात लोकांचं टपाल कशाला, आसं उद्या कुनी म्हनलं तर मी काय बोलू? तुजी काकू जेवत न्हाई चार दिस झालं. तू वकील. तू सांग.

महिपती

*

मुंबई
२९ जानेवारी १९६९

तात्या,

मी अक्षर ओळखलं नव्हतं. खरंच. तुम्हाला वाटलं असेल मी मुद्दाम विचारतेय. आता दोन्ही कागद शेजारी ठेवलेत आणि इतके दिवस मला दिसलं कसं नाही, हेच कळत नाही.

गेणूभाऊंबद्दल मी जे लिहिलं त्याची मला इतकी लाज वाटतेय! सहा वर्षांचा पुरावा माझ्या टेबलावर पडला होता, आणि मी फक्त नाव वाचत बसले. येसूमावशींना सांगा, नाही, राहू दे, मीच येऊन सांगेन.

सरांना विचारलं. अंगठ्यांचे तज्ज्ञ पुण्यात आहेत, ते साकवाचा अर्ज आणि हजेरी जुळवून बघतील. गेणूभाऊंना कुणी आत टाकणार नाही, ती नुसती भीती घातली होती. पण तुमच्याबद्दल सर म्हणाले, मी खोटं लिहिलं असं कबूल करणाऱ्या साक्षीदाराला समोरचा वकील सोडत नाही. टपालखातं तुम्हाला खुलासा विचारू शकतं. नोकरीला काही होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. मी रडले, पण हे लपवून तुम्हाला ‘या’ म्हटलं असतं, तर माझ्यात आणि त्या छापील रिपोर्टमध्ये फरक काय राहिला असता?

तुमच्याशिवाय लढायचं झालं तर अंगठे आहेत. पण ते अंगठे त्या त्या शनिवारी घेतले हे सांगणारं दुसरं कुणी नाही.

ठरवायचं तुम्ही. नाही म्हणालात तरी येत्या दिवाळीला मी तुमच्याकडेच जेवणार, काकूंना सांगून ठेवा.

नंदा

ता. क. – पंधरा एप्रिलला माझी परीक्षा आहे. मी येऊ शकत नाही. ह्याच दिवशी यायची होती!

*

कामशेत
२८ एप्रिल १९६९

नंदे,

पेपर बरं गेलं का? आता हिकडचं ऐक.

आमी चौघं सकाळच्या गाडीनं पुन्याला गेलो. मी, येसू, गेणू, गोरख. गोरखला जिना चढवंना, तिसऱ्या पायरीवर बसला. कंपनीचा वकील मागनं येत व्हता, त्याला थांबावं लागलं. त्यानं बघितलं.

मंग मला हुबं केलं. कंपनीचा वकील इचाराया लागला.

“म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत?”

“लिव्हलं, साहेब.”

“चार वर्षं?”

“चार वर्सं.”

“मग आज तुमचं खरं का मानायचं?”

म्हनलं, “माजं मानूच नका. आंगठं बघा. मी फकस्त शाईचा डबा धरला व्हता.”

तुज्या सरांनी रुमालात तोंड घातलं, हसत व्हतं का काय कोन जाने.

आंगठ्याचं तज्ज्ञ म्हनलं, सतरा नंबरापुढं तीन मानसांचं आंगठं हायती. त्यातला लय वेळा आलेला आंगठा साकवाच्या अर्जावरच्या कोंडूचा. येसू मदीच म्हनली, “मी तर आधीच सांगितलं व्हतं.” शिपाई गप बसा म्हनला.

मंग गेणूला इचारलं, एकाच्या नावावर दुसरा का जात व्हता? त्यानं उलट आयुक्तसायबालाच इचारलं, “साहेब, तुमच्यात आवनी कशी करत्यात?”

साहेब म्हनलं, “आमच्यात आवणी नसते.”

“मंग सांगाया येळ लागंल.”

“सांगा. वेळ आहे.”

आन त्यानं सांगितलं, नंदे. खाचर, ढोरं, बिल्ला, समदं. गोठ्यात लपला ते बी सांगितलं. टायपिंगवाला मदी थांबला, सायबानं त्याला म्हनलं, “थांबू नका, हे सगळं लिहा.”

निकाल जूनमदी. मला टपालखात्याचं इचारनं आलंय. खुलासा लिव्हून दिला. आंगठ्याचं बी लिव्हलं. आता काय व्हईल ते व्हवो. काकू जेवाया लागली.

महिपती

*

मुंबई
२८ जून १९६९

तात्या,

पास झाले! आणि परवा सरांची तार आली, निकाल आपल्या बाजूने लागला! कोंडू हा बिल्ला नंबर सतरावर काम करणारा कामगार होता, आणि त्या धुळीनेच गेला, असं आयुक्तांनी लिहिलंय. येसूमावशींना भरपाई मिळणार. माझ्या वहीचं उजवं पान भरलं.

पण घरी युद्ध आहे. प्रोफेसरांनी मला त्यांच्या खोलीत एक खुर्ची आणि अर्धं टेबल देऊ केलंय. म्हणाले, अजून अशा वीस गिरण्या माझ्या यादीत आहेत. बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “पगार कोण देनार?” मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. तर म्हणाले, “चिखलात उतराया मानूस घावत न्हाई, आन हितं घरचीच पोरगी फुकटात लोकांची कामं करती. ना कोर्टात उपेग, ना खाचरात.”

मला काही उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर लिहा.

नंदा

*

कामशेत
२० जुलै १९६९

नंदे,

उत्तर मला सुचलं न्हाई. ते आपल्या पायानं टाकव्याला आलं.

आधी बाकीचं. कारखान्याचं इन्स्पेक्टर गिरनीवर दोनदा येऊन गेलं. आता दळनाच्या खोलीत नळ बशिवलं, गारगोटी भिजवून दळत्यात. मी टपाल द्यायला गेलतो तवा बघितलं, दारावरचं झाड पांढऱ्याचं हिरवं झालंय. गोरखला पुन्याच्या डाक्टरांनी तपासलं. छातीत डाग हायती, पर येळंत घावलं म्हनले, धुळीतनं भाईर काडा म्हंजे ऱ्हाईल. त्याला गिरनीनं फाटकावर बशिवलाय. हजेरी त्योच बघतो! बिल्ला एकेकाच्या नावाचा, नव्या लोकांना नवा. आन खात्यानं मला ताकीद देऊन सोडलं. हे पत्र मीच पेटीत टाकनार आन मीच त्याच्यावर शिक्का हाननार.

आता टाकव्याचं. सोमवारी तुजा बा रजा काडून खाचरावर आला. मानूस एकबी न्हाई. मी बांधावर त्याच्याशी बोलत व्हतो. येवढ्यात वरनं, वाडीच्या वाटंनं, पावसाची इरली डोक्यावर घेतलेली मानसं दिसाया लागली. एक, दोन, करत अकरा. म्होरं गेणू, मागं येसू, हिरी, समदी वाडी. रामराम न्हाई, काय न्हाई, गेणू सरळ चिखलात उतरला आन रोपांची जुडी सोडाया लागला.

तुजा बा वरडला, “आरं, मी कुनाला सांगावा धाडला न्हवता! मजुरीचं काय ठरलंय?”

“मजुरी कसली, हौशीरामभाऊ,” गेणू म्हनला. “सावड हाय.”

“सावड? मी कवा आलो व्हतो तुमच्या खाचरात?”

येसू वाकल्या वाकल्या म्हनली, “तुमी कशाला येताय! नंदी आलती. तिनं तिचा दिस आमच्यात घातला. आता आमचा दिस तुमच्यात.”

तुज्या बानं पायताण काडलं, धोतर खोचलं आन उतरला. संध्याकाळच्याला समदं खाचर लावून झालं. भाकरी खाताना मला म्हनला, “महिपती, तिला लिव्ह. खुर्ची घे म्हनावं.”

जरा येळानं परत म्हनला, “आन हेबी लिव्ह. सावड घेतली की फेडावी लागती. उद्या वाडीवर त्यांची आवनी हाय, मी जातोय. पर फुडल्या साली तिनंच यायचं. त्या वीस गिरन्या आसतील तितं ऱ्हाव्या, पर आवनीला रजा काड म्हनावं.”

येसू म्हनती, येताना शाळंतले बूट आनू नको. चिखलात ऱ्हात्यात.

महिपती